चेंबरवरचं पान

रविवार, २४ ऑगस्ट

आलो एकदाचे हैदराबादला. नांदेडहून पहाटे निघालेला टेम्पो वाटेत पंक्चर होत होत दुपारी बरकतपुऱ्यात पोचला. नवरा माझा, धम्मानंद, ड्रायव्हरशेजारी बसून सगळा रस्ता झोपला आणि उतरल्यावर म्हणाला, सामानाची काळजी करून करून थकलो. मला त्याला फार बोलायची सोय नाही, कारण नारायणगुड्याच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी त्याला लागली म्हणून तर इथे आलो. पण राहायचं घर माझ्या नोकरीचं आहे, हे मी आज त्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

मी आता फॅसिलिटी मॅनेजर, संतोष निवास. नांदेडच्या दवाखान्यात हाउसकीपिंगची सुपरवायझर होते तेव्हा लोक मला 'फरशीवाल्या मॅडम' म्हणायचे. इथे दारावर पाटी लावून दिली आहे. तळमजल्याचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे वॉश एरिया, आणि भाडं नाही. घर अंगणापेक्षा पायरीभर खाली आहे, एवढंच काय ते डोळ्यांत खुपलं.

बिल्डिंगचे सेक्रेटरी नरहरराव चौसाळकर स्वतः टेम्पोजवळ उभे होते. सेक्रेटरिएटातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, बोलणं असं की ऐकत राहावं. त्यांच्या खानदानात चार पिढ्या सरकारी मुलाजिम, हे पहिल्याच वाक्यात कळलं. मग माझं गाव विचारलं, मग तालुका, मग आजोबांचं नाव. मी सरळ सांगून टाकलं. तसंही बाबासाहेबांची तसबीर सामानात सगळ्यांत वर होती. तर हे हात जोडून स्वतःच जय भीम म्हणाले. त्यांच्या मिसेस रजनीकाकूंनी भात आणि खट्टी दाल पाठवली. मन भरून आलं, खोटं कशाला बोलू. आधीचे मॅनेजर किशनराव दोन वर्षांपूर्वी अचानक सोडून गेले, त्यांचे पडदे तसेच होते. धम्मानंदने पडद्यांचंही भाडं नाही म्हणून खूश होऊन घेतलं.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बोलून ठेवली. मी इथे आहे तोवर गटाराच्या चेंबरात माणूस उतरणार नाही. उतरलं तर मशीन उतरेल. नरहरराव म्हणाले, बेशक.

बुधवार, २७ ऑगस्ट

आज चतुर्थी. वर सगळ्यांकडे गणपती, खाली मी आणि गटार. ज्याचं त्याचं दैवत.

सगळ्या मजल्यांचं सांडपाणी एकाच मोठ्या पाइपातून माझ्या वॉश एरियाखालून जातं आणि मागच्या अंगणातल्या चेंबरात पडतं. तिथून रस्त्याच्या मेन लाइनला. चेंबर म्हणजे माणूस उभा राहील एवढी खोल विहीरच, आत भिंतीला लोखंडी पायऱ्या, वर सिमेंटचं जाडजूड झाकण. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते समोरच दिसतं. झाकणावर पत्रावळ होती आणि भाताची शितं. जिना झाडणाऱ्या केसरबाई म्हणाल्या, बिल्डिंगचे लोक सणावाराला ठेवतात. कशासाठी म्हणून विचारलं तर त्या झाडू घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. मला वाटलं कुत्र्यांसाठी असेल.

मग घरोघरी फिरून सांगितलं, की तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, ओले टिश्यू आणि पॅड कमोडमध्ये टाकायचे नाहीत. लाइन चोक होते ती देवाच्या कोपाने नाही, तुमच्या भज्यांनी होते. पहिल्या मजल्यावरचा वरुण, कॉम्प्युटरवाला, मला आंटी म्हणाला. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान असेल मेला. त्याचं मराठी म्हणजे, "ऑइल सिंकमध्ये डालायचं नक्को, हौ ना आंटी?" हौ रे बाबा.

सोमवार, १ सप्टेंबर

काल दुपारी पावसाने झोडपलं आणि रस्त्याची लाइन भरली. अशा वेळी घाण पाणी उलटं फिरतं आणि सगळ्यांत खालच्या घरात आधी शिरतं. त्यात आम्ही पायरीभर खाली. बाथरूमची जाळी आधी गुरगुरली, मग बुडबुडे आले, मग जे यायचं ते आलं.

मी आधी वर पळाले. प्रत्येक दारावर थाप मारून नळ बंद करायला लावले, कारण वरच्यांनी हात धुतले तरी ते माझ्याच घरात उगवणार. तिसऱ्या मजल्याचं वॉशिंग मशीन मी स्वतः बंद केलं. खाली येऊन मेन स्विच पाडला, गमबूट, जाड हातमोजे, मास्क. धम्मानंद ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही घेऊन उभा. म्हटलं, दोन्ही एकत्र कर, म्हणजे जो वायू होईल त्याने तू जाशील आणि मी तुझ्या शोकसभेला नवी साडी नेसून येईन. प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्याची ही अक्कल.

आधी गाळ उपसायचा, मग साबणाने घासायचं, आणि मग ब्लीच. लोक घाणीवरच ब्लीच ओततात, त्याने काही मरत नाही. गादी भिजली ती टाकून दिली. धम्मानंद हळहळला, लग्नातली होती. पण गादीत शिरलेली घाण धुऊन निघत नाही.

बाथरूमच्या भिंतीवर, जाळीच्या अगदी लगत, ओल्या पंजाचा डाग होता. बोटं वर. मी धम्मानंदवर ओरडले की घाणेरडे हात भिंतीला लावू नको. तो म्हणाला, मी बाथरूममध्ये गेलोच नाही. नवरे असंच म्हणतात.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

झडप बसली. दोन दिवस लढून मंजूर करून घेतली.

साधी गोष्ट आहे. पाइपात एक झडप असते. घरातलं पाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरचं परत यायला लागलं की आपटून बंद होते. माझ्या वॉश एरियात छोटा खड्डा करून मेन पाइपालाच बसवली, वर लोखंडी झाकण, म्हणजे उघडून साफ करता येईल. काचीगुड्याचा प्लंबर अरविंद, हात सोन्याचे, तोंड अखंड चालू. त्याने मला त्याच्या सासूपासून बिर्याणीपर्यंत सगळं सांगितलं.

नरहरराव खड्डा खणताना रुमाल नाकाशी धरून शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी विचारलं, आता चेंबरमधून बिल्डिंगमध्ये काही येणार नाही ना? म्हटलं, झुरळही येणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी तेच परत विचारलं. मग म्हणाले, शुक्र आहे, आणि त्यांचे डोळे भरून आले. झडपेसाठी रडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. धम्मानंद म्हणाला, तुझ्यासारखाच वेडा भेटला तुला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झाला आणि चेंबरच्या झाकणावर पंगत बसली. प्रत्येक घरातून एक पान. भात, वरण, वडे, खीर, गवारीची भाजी. काल ठेवलेलं आज सकाळी उंदीर खात होते. मांजराएवढे उंदीर.

आमच्या घरात श्राद्धपक्ष करत नाहीत. बावीस प्रतिज्ञा आईने मला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या. पण दुसऱ्याने काय करावं यात मी पडत नाही. पितरांना गच्चीवर जेवू घाला, कावळे तिथेच येतात. गटारावर अन्न म्हणजे उंदरांना आवतण. मी सगळी पानं उचलून कचऱ्यात टाकली, झाकण ब्लीचने धुतलं आणि नोटीस लावली.

नरहरराव आले. रागावले नाहीत. एवढा पंधरवडा जाऊ द्या, बिल्डिंगचा रिवाज आहे, म्हणाले. मी म्हटलं, रिवाज मोडायचा नसेल तर मॅनेजर बदला. त्यांनी माझ्या वॉश एरियाकडे बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, झडप आहे म्हणा आता. आणि गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

झडप वाजते.

वॉश एरियातल्या खड्ड्यातून आवाज येतो, धप, धप. रस्त्याची लाइन भरली की पाण्याच्या दाबाने झडप वाजते, हे मला माहीत आहे. पण आज चौथा दिवस कडक ऊन आहे. लाइन कोरडी असणार. आणि पाण्याचा आवाज असा नसतो. हा थांबतो. जरा वेळाने परत येतो. दार वाजवून आत कुणी आहे का याची वाट बघावी तसा.

दुपारी मी वैतागून लोखंडी झाकणावर पाय आपटला. खालून तसाच एक आवाज आला. मी दोनदा आपटला. खालून दोनदा.

धम्मानंदला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने हसून घेतलं असतं, आणि आज मला ते सहन झालं नसतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

चेंबर साफ करायला जेटिंगची, म्हणजे जोराने पाणी मारून गाळ ओढणारी गाडी बोलावली होती. मी आबिड्सला गमबूट घ्यायला गेले तेवढ्यात ती आली आणि नरहररावांनी गेटवरूनच परत पाठवली. काम झालं म्हणून सांगितलं. मी वर जाऊन भांडले. जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं भांडले. ते हळू आवाजात म्हणाले, अमावस्येनंतर उघडू.

झाकणावर परत पानं ठेवतात. माझ्या नोटिशीला कुणी विचारत नाही. गंमत अशी, की आता उंदीर येत नाहीत. भात तसाच सुकतो.

आवाज चालू आहे. आता धम्मानंदनेही ऐकला. तो हसला नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लिहून काढते. लिहिलं नाही तर मलाच पटणार नाही.

सकाळी अरविंदला झडप बघायला बोलावलं. मीच बोलावलं. मीच त्याला हातमोजे घालायला लावले, म्हणजे सगळं नियमाने. त्याने झाकण काढलं, झडप वर उचलली आणि पाइपात हात घातला. काय अडकलंय ते बघतो म्हणाला. बायकोच्या भावाच्या लग्नाचं काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, अंदर से कोई हात पकडा."

मला वाटलं मस्करी. मग त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला, मग दंडापर्यंत. त्याने घातला नाही, नेला कुणीतरी. त्याचा गाल खड्ड्याच्या काठावर आपटला, दात फुटला. मी त्याची कंबर धरून मागे ओढलं. खांद्यातून कट्ट असा आवाज आला आणि तो जे ओरडला ते मी दवाखान्यातसुद्धा कधी ऐकलं नाही. मी पहार घेतली आणि पाइपाच्या तोंडाशी, त्याच्या हाताला चुकवून, मारत राहिले. काहीतरी मऊ लागलं, मग कडक. पकड सुटली. तो मागे पडला आणि झडप आपटून बंद झाली.

झडपेच्या अलीकडे तीन बोटं राहिली होती. अरविंदची नाहीत. त्याची पाचही होती, सोललेली. ही बोटं राखाडी, फुगलेली, नखं वाढलेली. एकात तांब्याची अंगठी.

ॲम्ब्युलन्स आली, नेलं त्याला. मशीनमध्ये हात गेला असं नरहररावांनीच सांगून टाकलं. मी तिथेच उभी होते आणि ते खोडून काढलं नाही. मग चिमट्याने बोटं उचलून दवाखान्यातल्या सवयीने पिवळ्या पिशवीत भरली. बादलीत ठेवली. फरशी धुतली. हे सगळं झाल्यावर मला ओकारी आली.

शनिवार, २० सप्टेंबर

सकाळी वरुण. पाइपातून येता येत नाही म्हणून ते आता झाकणातून येतं.

तो अंगणातून स्कूटर काढत होता. मी खिडकीत. झाकण एका बाजूने उचललं गेलं, इतकं जड झाकण, आणि त्याचा पाय आत गेला. झाकण गुडघ्यावर पडलं. परत उचललं गेलं. परत पडलं. हाड कातडीबाहेर आलेलं मी इथून पाहिलं. चौघांनी ओढून काढला. तो आईला हाक मारत होता. आणि जमलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही, की खाली काय आहे. एकानेही.

मी पिवळी पिशवी घेऊन वर गेले. नरहरराव दवाखान्यात गेले होते. रजनीकाकूंनी अंगठी बघितली आणि दार लावून घेतलं. किशनरावची, म्हणाल्या. सांधे दुखायचे म्हणून घालायचा.

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, ह्याच पंधरवड्यात. त्यांच्या सासऱ्यांचं श्राद्ध, घरभर पाहुणे, आणि लाइन चोक झाली. मशीन यायला उशीर होता. पान वाढायची वेळ टळू नये म्हणून किशनरावांना दोर बांधून उतरवलं. आत वायू होता. ते पडले, दोर सुटला. बाहेर काढायला कुणी उतरेना. कुणीतरी म्हणालं, पोलीस केस होईल, माणूस उतरवणं गुन्हा आहे. नरहररावांनी झाकण लावायला सांगितलं. सगळी बिल्डिंग तिथे उभी होती.

"मेला नव्हता गं तो," काकू म्हणाल्या. "तो ठोकत होता, आणि आम्ही वाढत होतो. पंगत उठवली नाही आम्ही. आवाज थांबावा म्हणून वरचे सगळे नळ सोडले."

मी जेवलेली त्यांची दाल मला आठवली. मी त्यांच्या तोंडावर थुंकले नाही, याची आता लाज वाटते.

पोलिसांत जायचं. धम्मानंद शाळेतून आला की लगेच. पिशवी घेऊन.

शनिवार, दुपार

तो आत आला आणि गेटला कुलूप लागलं. अंगणात सगळे उभे. फोन मागितले. धम्मानंदने दिला नाही तर त्याच्या पोटात लाथ मारली — तिसऱ्या मजल्याच्या त्या गृहस्थांनी, जे रोज मला गुड मॉर्निंग म्हणतात. पिवळी पिशवी घेतली, पहारही. आम्हाला घरात घालून बाहेरून कडी.

नरहरराव दाराशी आले. आवाज तोच, ऐकत राहावा असा. म्हणाले, ती जागा एकाला धरून असते. दुसरा आला की पहिला सुटतो. किशनच्या आधीही एक होता. पानांवर भागत होतं, तुम्ही ती उचललीत. आता उद्या सर्वपित्री आहे.

मी म्हटलं, मी ओरडेन. रस्ता गोळा करेन.

ते म्हणाले, "हा फ्लॅट आम्ही फुकट का देतो, माधवीबाई? तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

रविवार, २१ सप्टेंबर

आम्ही ओरडलो. वर सगळीकडे टीव्ही मोठ्याने लावलेत. खिडक्यांना गज आहेत. गज कापायला काही नाही. धम्मानंद म्हणतो, मला घेऊन जातील, तू शांत राहा, तू वाच. असं बोलायचं नाही म्हटलं. त्याच्या हाताला हात लावून बसलेय. डावा हात. उजव्याने लिहिते. लिहून ठेवते — कुणाच्या तरी हाती लागेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गजाला बांधेन.

माझा याच्यावर फार जीव आहे. हे कधी सांगितलं नाही, चिडवतच राहिले.

दार —

नंतर

आले. सहा-सात जण. धुतलेले कपडे, कपाळाला गंध. मी अरविंदचा विसरलेला पाना घेऊन उभी होते. नरहररावांच्या गळ्याखालचं हाड मोडलं. आवाज ऐकला. बरं वाटलं. दुसऱ्याचं नाक. मग माझे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं —

धम्मानंदला पहारीने मारलं. डोक्यात. माझ्याच पहारीने. पाय धरून ओढत नेला. फरशीवर लाल पट्टा आहे दारापर्यंत. कडी लावली.

खिडकीतून दिसतं. झाकण सरकवलं. तो शुद्धीवर येत होता, काठाला धरत होता. त्याच्या बोटांवर पाय दिले. आत ढकलला. झाकण लावलं.

झाकणावर पान वाढलं. गरम भात आहे. वाफ दिसते इथून.

रजनीकाकू गॅलरीत. पदर तोंडात.

नंतर

ठोकतोय. तो ठोकतोय. जिवंत आहे.

वर नळ सोडले. सगळ्या मजल्यांवर. फ्लशवर फ्लश. पाइप घोंघावतोय. चेंबर भरतायत — बुडवतायत त्याला —

विचार कर माधवी. विचार कर.

जेटिंग झालंच नाही, रस्त्याकडची वाट तुंबलेली. पाणी जाणार कुठे. एकच वाट आहे — उलटी. माझ्या घरात. मी पायरीभर खाली आहे. झडप काढली तर चेंबरचं पाणी इकडे येईल. त्याच्याकडचं उतरेल. हवाही जाईल.

काढते.

नंतर

निघाली. सगळं आलं. खड्ड्यातून उसळून. वॉश एरिया, स्वयंपाकघर, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. येऊ दे. सगळ्या बिल्डिंगची घाण येऊ दे. मी आयुष्यभर हे घरात येऊ नये म्हणून — येऊ दे.

वही शेजारच्या उपड्या बादलीवर. मी पाण्यात बसलेय, तोंड पाइपाशी. ओरडले त्याच्या नावाने.

बोलला! म्हणाला, पाणी गळ्याशी होतं, आता छातीशी आहे. डोकं फिरतंय. पायऱ्यांवर उभा आहे. म्हटलं वर चढ, खाली वाकू नको, वायू खाली असतो. झाकण ढकल. म्हणाला, जड आहे. म्हटलं ढकल. म्हणाला, माधवी, इथे अजून कुणीतरी —

म्हटलं बघू नको. ढकल.

हात आला त्याचा. पाइपातून. डावा. अंधारात चाचपत होता. आधी घाबरले, बोटं मोजली. पाच आहेत. पाचही. धरला. गच्च धरला. थंडगार पडलाय बिचारा.

ओरडून सांगितलं, घाबरू नको, तुझा हात माझ्या हातात आहे.

तो म्हणाला, "माझे दोन्ही हात झाकणाला आहेत, माधवी."

—

सोडत नाही मी.

याने मला धरलंय तोवर त्याला धरणार नाही. ढकल म्हटलं. धम्मा ढकल. हा मनगट पिळतोय, हाड — मोडलं बहुतेक. दुखत नाही अजून. ढकल. उजवा मोकळा आहे, लिहिते, लिहीत राहिले तर ओरडणार नाही. मी ओरडले तर तो परत खाली येईल. त्याला ओळखते मी.

झाकण सरकलं. दगडाचा आवाज — पान पडलं — लोक गेट उघडून पळतायत — त्याचा खोकला, उघड्यावर — तो वर —

आता हा दोन हातांनी — कोपर आत गेलं. खांदा. गाल पाण्यात —

धम्मा गेटकडे पळ, मागे वळून मला बघायला येऊ न—